घंटीला जबाब

शहराबाहेरच्या जुन्या रेल्वे स्टेशनाचं संग्रहालय झालं. लहानपणी जिथं फुकट हुंदडल्या, तिथं द्वारकाबाई आज तिकीट काढून, आठ वर्षांच्या नातीला घेऊन आल्या.

त्यांचे वडील इथलेच स्टेशनमास्तर. पलीकडच्या स्टेशनातून घंटी आली की इकडून घंटीनंच जबाब द्यायचा, मगच तिकडून गाडी सुटायची. वडिलांच्या मांडीवर बसून तो जबाब द्वारकाबाईच द्यायच्या.

"आजी, मी रुळांच्या जागेवर खेळते," म्हणत संस्कृती बाहेर पळाली. रूळ कधीच उखडले होते. आता तिथं नुसती हिरवळ होती.

तेवढ्यात खोलीत वडिलांच्या जुन्या टेबलावरची घंटी दोनदा वाजली.

द्वारकाबाईंचा हात सवयीनं बटणावर गेला. त्यांनी दोन ठोके दिले.

"वाजतीय व्हय अजून?" त्यांनी राखणदार रामहरीला कौतुकानं विचारलं.

"कशी वाजंल, मावशी? तारा कवाच कापल्यात. पलीकडचं स्टेशन बी पाडलं."

कपाटातले कंदील किणकिणू लागले.

द्वारकाबाई दाराकडे धावल्या. "संस्कृती, बाजूला हो!"

पोरगी हिरवळीला कान लावून पालथी पडली होती. तिनं हसत ओठांवर बोट ठेवलं.

"गप ना, आजी. लई जवळ आलीय."