टाकीचं झाकण

चढ लागला आणि गाडीने दोन-चार आचके देऊन मान टाकली. थोरल्याने स्टिअरिंगवर थाप मारली. मागच्या सीटवरून धाकटा म्हणाला, "आई, त्याला सांग, कार्ब्युरेटर नीट बसलेला नाही."

"आई, त्याला सांग," थोरला मागे न बघता म्हणाला, "कार्ब्युरेटर मी बसवलाय. टाकीत गाळ असेल, ती बघ म्हणावं."

आई पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. दोघा भावांमध्ये अंतर हातभर. तरी तिने आधी एकाचं दुसऱ्याला सांगितलं, मग दुसऱ्याचं पहिल्याला. हे तिचं रोजचंच काम होतं.

वडील गेले त्या सकाळी धाकटा हॉस्पिटलमधून घरी आंघोळीला आला होता. थोरला चारचौघांत बोलून गेला, "बापापेक्षा आंघोळ मोठी." झालं! तेव्हापासून एकाच घरात एक वर, एक खाली, आणि दोघांत शब्द नाही. जे काय बोलायचं ते आईच्या तोंडून. वडिलांची ही जुनी गाडी दुरुस्त करायची ठरली तेव्हाही तेच. थोरला फिटर, त्याच्याकडे इंजिन. धाकटा पत्र्याची आणि वेल्डिंगची कामं करणारा, त्याच्याकडे टाकी आणि बॉडी. सकाळी गॅरेजात थोरला, संध्याकाळी धाकटा. जिना चढून-उतरून आई मेटाकुटीला आली. शेवटी तिनेच बजावलं, "रविवारी मला बहिणीकडे याच गाडीतून जायचंय. पोचली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला बोलावते. तुमच्या वडिलांच्या गाडीचे हे हाल मला बघवत नाहीत." ती बोलते तसं करते, हे दोघांना चांगलं ठाऊक होतं. आज रविवार होता.

थोरल्याने बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरची वाटी सोडवून बघितली. कोरडी ठक्क! पेट्रोल इथवर येतच नव्हतं. पंपाचा पडदा नवा होता, फिल्टरही नवा. पंप तापला असेल म्हणून त्याच्यावर ओलं फडकं ठेवलं आणि थोडा वेळ थांबून चावी फिरवली. गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू झाली. चढ संपला, वळण गेलं, आणि पुन्हा तेच आचके. पुन्हा गप्प.

"उभी केली की बरी, पळवली की आजारी," थोरला पुटपुटला. "काय रोग झालाय कोण जाणे."

"आई, त्याला सांग, फडकी ठेवत ठेवत गेलो तर मावशीकडे पुढच्या वर्षी पोचू."

"आई, त्याला सांग, जिभेपेक्षा हात चालव. टाकीत पेट्रोल किती आहे ते तरी बघ म्हणावं."

आईने तोंड उघडायच्या आत धाकटा तणतणत उतरला. रस्त्याकडेच्या झुडपाची एक काडी मोडून घेतली आणि मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवायला लागला. झाकण हलेना. त्याने दातओठ खाऊन जोर लावला. फुस्स्स! टाकीने एवढी हवा आत ओढली की थोरल्याला ती बॉनेटपाशी ऐकू आली.

थोरला धावत मागे आला. धाकट्याच्या हातातलं झाकण घेऊन त्याने उलटसुलट करून पाहिलं. मग टाकीच्या तोंडापाशी बोट फिरवलं.

"इथली हवेची नळी कुठाय?" त्याने विचारलं. सरळ धाकट्यालाच.

"सडली होती. काढली आणि भोक झाळून बुजवून टाकलं. झाकणाला भोक आहे ना, तिथून जाते की हवा."

"ते जुनं झाकण रे! त्यातून पेट्रोल उसळून सांडायचं, म्हणून मी हे बिनभोकाचं आणलं. म्हटलं, नळी आहेच."

आता दोघांनाही उलगडा झाला. पंप पेट्रोल ओढत होता, पण त्याच्या जागी हवा शिरायला वाटच उरली नव्हती. थांबलं की कुठूनतरी कणकण हवा झिरपायची आणि गाडी तेवढ्यापुरती जिवंत व्हायची. एकाने एक दार लावलं होतं, दुसऱ्याने दुसरं. दोघांचंही काम अगदी चोख होतं.

"उद्या वडिलांची गाडी भंगारात गेली असती!" थोरला उसळला. "नळी काढली तर सांगायचं नाही?"

"सांगितलं नाही कसं? त्याच संध्याकाळी आईकडे निरोप दिला होता! तू झाकण बदललंस ते बोललास?"

"मीही दिला होता निरोप! चांगला बजावून दिला होता!"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, इतका आवाज चढला होता. भांडत होते, पण एकमेकांशी भांडत होते. थोरल्याला एकाएकी भरून आलं. त्याने झाकण धाकट्याच्या हातात परत दिलं.

"विसरली असेल रे," धाकटा आवाज खाली आणून म्हणाला. "वय झालं तिचं."

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वय झालंय, म्हणूनच तर. दोन्ही निरोप तोंडपाठ आहेत मला. मुद्दाम नाही पोचवले. म्हटलं, मी नसताना तुमचं कुठवर चालतं, ते माझ्या डोळ्यांदेखत एकदा बघून घ्यावं."