हुबेहूब गबदुल

"हा माझा गबदुल नाही. गाल नुसते फुगलेत!" म्हणत इंदुमतींनी मऊ खेळण्याचा तिसरा नमुनाही नाकारला. ज्या बाहुल्यात हात घालून त्यांनी आयुष्यभर मुलांना हसवलं, त्याचंच हे खेळणं निघणार होतं.

"मग मूळ बाहुलाच द्या, मापं घेतो," कारखानदार म्हणाला. त्यांनी दिला.

पुढचा नमुना हुबेहूब होता. तेच खट्याळ गाल, तीच तिरकी मान. त्यांचे डोळे भरून आले. "आता जमलं! माझा गबदुल कुठाय?"

कारखानदाराने पिशवी पुढे केली. आत कापडाचे तुकडे होते. "नेमक्या मापासाठी शिवणी उसवाव्या लागल्या, बाई. जुनं कापड, फाटत गेलं."

इंदुमतींनी नवा गबदुल उचलला. सवयीने हात आत घालायला गेल्या. आत कापूस ठासून भरलेला होता.