न मोडलेली घडी

या, जवळ सरकून बसा, पाडव्याची गोष्ट सांगते.

कीर्तनात बुवा म्हणाले, “नव्या वर्षी गरजेपुरतंच ठेवा.” वृंदाला ते मनोमन पटलं. तिनं कपाट उपसलं, न पाहताच गाठोडं बांधलं आणि शेजारच्या यमूआत्यांना नेऊन दिलं. “घ्या आत्या, संसार हलका करतेय.”

पाडव्याला आत्यांच्या गुढीवर त्यातलीच एक साडी झळकत होती. वृंदाच्या डोहाळजेवणाला आत्यांनीच स्वतः कशिदा काढून दिलेली.

“आत्या, ही...” वृंदानं साडीकडे बोट केलं.

“अगं, गुढीला कोरंच वस्त्र लागतं, आणि यंदा घरात नव्हतं बघ. तू घडीसुद्धा मोडली नव्हतीस, बरं झालं.”

आत्यांनी तिच्या हातावर कडुनिंबाचा प्रसाद ठेवला. वृंदानं तो मान खाली घालूनच खाल्ला.

तुमचं कपाट आवराल, तेव्हा आमच्या यमूआत्यांना तेवढं आठवा.