मधली भिंत

"आम्ही दोघी भिंतीला भिंत लागून राहायचो. शिलाई मशीनही एकाच दिवशी घेतलं," कपड्यांच्या कारखान्याची मालकीण नव्या मुलींना सांगत होती. "मी नेटानं शिवत राहिले. तिनं वर्षभरात मशीन विकून टाकलं, ती अजून तिथंच आहे. चिकाटी असली की दिवस पालटतात, पोरींनो."

मुली आपापल्या मशीनवर जाऊन बसल्या. कोपऱ्यातल्या मावशी मान खाली घालून कॉलर जोडत होत्या.

"मावशी, पोटाला घालणारं मशीन विकायची बुद्धी कशी झाली असेल हो तिला?" शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं.

मावशींनी दातांनी दोरा तोडला.

 

"आमच्यामध्ये एकच भिंत होती, पोरी. दुखणं माझ्या बाजूला शिरलं."