वीज कोणाला पेलते

"वीज रक्तातच असावी लागते," सुयोगने निकाल देऊन टाकला. "विठा ही राजाची हरवलेली मुलगी निघाली असं लिही आणि मोकळी हो."

यशोधराने वही मिटली. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, पडद्यांच्या दुकानावरच्या खोलीत सुयोगचा स्टुडिओ होता. वर्षभर तिथे तिची अंतराळातली गाथा रेकॉर्ड होत होती. उडती जहाजं, नऊ सूर्य, आणि तळहातातून वीज सोडणारे नऊ राजे. वीज फक्त राजघराण्याला पेलते, हा त्या जगाचा कायदा. आणि मागच्याच भागात जहाजाची फरशी पुसणाऱ्या विठाने वीज हातात धरली होती. मोबाइलवर ऐकणाऱ्यांचा एकच सवाल होता, हिला कशी जमली?

राजकन्येची युक्ती सोपी होती. पण यशोधराच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर हेच रक्त आडवं आलं होतं. त्यांच्या नातीने आता मनातल्या गोष्टीतसुद्धा त्याच्यापुढे मान तुकवायची? तिला ते गिळवेना.

"राजकन्या होणार नाही," ती म्हणाली.

"अगं, मग कशी धरली ते तू सांग ना. चारपर्यंत थांबतो. नाहीतर शेवटचा भाग दुसऱ्याकडून लिहून घेईन. मग रडू नको."

रिक्षाने ती अंबरनाथला घरी आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गॅलरीत तिचे वडील धोंडिबा आणि दौलतराव चहा घेत बसले होते. धोंडिबांनी तीस वर्षं लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर काढली. दौलतराव त्यांचे हेल्पर. रिटायर झाल्यावरही रोज दुपारी यायचे, फारसं न बोलता बसायचे. बसायची तऱ्हाही ठरलेली. उजवी मूठ खिशात, डावा तळहात गुडघ्यावर उघडा.

लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हाही यशोधराने त्यांना असंच पाहिलं होतं. बाबा वर तारांत, आणि हे खाली डीपीच्या फ्यूजपेटीपाशी बसलेले. बाबा तिचे हीरो. दौलतकाका म्हणजे बसल्या जागी नोकरी करून गेलेला माणूस, असं तिचं आजवरचं मत होतं.

"बाबा, वीज कोणाला पेलते?" तिने विचारलं.

धोंडिबांना गाथाबिथा ठाऊक नव्हती. त्यांनी प्रश्न धंद्याचाच समजला. "कोणालाच नाही. विजेला जातपात कळत नाही बाई. ओला माणूस आणि कोरडा माणूस, एवढंच कळतं तिला."

"मग तुम्ही तीस वर्षं कशी धरलीत?"

"मी कुठे धरली? यानं धरली." त्यांनी दौलतरावांकडे बोट केलं.

मग ते सांगत गेले. वर चढण्याआधी दौलत डीपीतले तिन्ही फ्यूज काढायचा आणि खिशात घालून मूठ आवळायचा. ज्यानं काढले त्यानंच घालायचे. हाकेवर नाही, शिट्टीवर नाही. वरच्यानं खाली उतरून याच्या उघड्या हातावर हात ठेवायचा, तेव्हाच मूठ सुटायची. हाक काय, कोणीही मारेल.

"एकदा मी वर होतो. वस्तीत लाइट नाही म्हणून शंभर लोक याच्या अंगावर ओरडत होते. तेवढ्यात भाचा धावत आला, गोजरबाई जाते म्हणून. याची आई. हा हलला नाही. मला हाकही मारली नाही. घाईत माझा हात चुकेल म्हणून. आणि मी वर शहाणा, एक तार वाकडी दिसली म्हणून अर्धा तास सरळ करत बसलो."

"भेटली का आई?" यशोधराने विचारलं.

"नाही भेटली," धोंडिबा म्हणाले. "आपलं हे घर, तुझं शिक्षण, सगळं या मुठीत होतं बघ. उपकार हा शब्दसुद्धा तोकडा पडतो."

"जाऊ दे की धोंडिबा," दौलतराव म्हणाले. "चहा गार होतोय."

यशोधरा तिथेच फरशीवर बसली आणि लिहायला लागली. आजवर या माणसाला आपण काय समजलो, या विचाराने तिचे डोळे भरून येत होते. साडेतीनला तिने लिहिलेलं वाचून दाखवलं.

विठा जहाजाच्या टोकावर चढते. खाली इंजिनाशी, मागच्या भागातही कोणाला न दिसलेला, एक म्हातारा जहाजाचा सगळा प्रवाह तोडतो आणि चाव्या खिशात घालतो. प्रवाह बंद आहे, म्हणून आभाळातली वीज विठाला जाळू शकत नाही. लोक म्हाताऱ्याच्या अंगावर धावून येतात. समोर त्याचं स्वतःचं गाव पेटलेलं दिसतं. तो हलत नाही. ज्याच्यासाठी खाली कोणी बसलंय, त्यालाच वीज पेलते. वर विठा हात उचलते, नऊही सूर्य लखलखतात, शत्रू संपतो. समाप्त.

धोंडिबांनी उपरण्याने डोळे टिपले. दौलतराव मात्र तसेच बसून होते. मूठ खिशात, तळहात उघडा. चेहऱ्यावर काळजी होती.

"चांगलंय पोरी," ते म्हणाले. "पण ती खाली उतरली का?"

यशोधराने वही पाहिली. शत्रू मेला होता, जयजयकार झाला होता, आणि विठाला ती वरच विसरली होती. तिने 'समाप्त' खोडलं. विठाला एकेक पायरी खाली आणलं आणि म्हाताऱ्यापुढे उभं केलं. पानाचा फोटो सुयोगला पाठवला. चारला पाच मिनिटं कमी होती. "आता बोल, राजकन्या कशाला हवी होती?" असं त्याचंच लगेच उत्तर आलं, जणू राजकन्या तिनेच मागितली होती. ते तिने नंतर वाचलं.

आधी ती उठून दौलतरावांपुढे बसली आणि त्यांच्या उघड्या तळहातावर तिने आपला हात ठेवला.

"उतरली, काका. आम्ही सगळेच उतरलो."

तेव्हा कुठे दौलतरावांनी खिशातली मूठ बाहेर काढली.