घाट उतरताना

मोलगीच्या दवाखान्यात नर्स असलेली रंजिता शनिवारी घरी निघाली, तेव्हा देवगोई घाट उतरताना ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरायला लागलं आणि गाडी थांबेना. गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत तिने गाडी कशीबशी कडेच्या मातीत घातली. अक्कलकुव्याच्या मेकॅनिकने चाक उतरवून दाखवलं. "ताई, पॅड नवा शेतस, पन डिस्क जुन्याच. पार घसाई गयात." तिला खरं वाटेना. नव्या डिस्क तिने स्वतः आणून दिल्या होत्या आणि दीर ललितने गेल्याच आठवड्यात त्या बसवून आणल्याचं सांगितलं होतं. सपाट रस्त्यावरूनही जपून चालवत ती पुरुषोत्तमनगरला घरी पोचली आणि अंगणातल्या ललितच्या गाडीपाशी वाकली. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या. त्याच्या चाकाआड नवीकोरी डिस्क चकाकत होती. ललितने काही लपवलं नाही. "वहिनी, तुम्ही हफ्तामा एकदाव घाट उतरतस. मी रोज पोरेसले गाडीमा बसाडीसन फिरस. आनि दादाले इचारीसनच करं." रंजिताने नवऱ्याकडे पाहिलं. मिथुन ओट्यावर बसून होता. "तू सावकाश चालावस," तो म्हणाला, "म्हनीसन मी हो म्हनं." तिने आपल्या गाडीची चावी त्याच्यापुढे धरली. "सोमवारले मन्हासंगे मोलगी चला. चढताना मी चालावसू, उतरताना तुम्ही." मिथुनचा हात पुढे आला नाही.