खिडकीजवळचे टेबल

संगणक सर्वज्ञ असतो, त्रिभुवनातले त्याला सगळे दिसते. वडशाच्या तांदूळ सोसायटीतल्या संगणकाचे त्रिभुवन तीन टेबलांचे होते. पडद्यावरच्या यादीत रकानेही तीनच: कोण जोडलेय, कुठल्या टेबलावरून, काय करतेय. शेवटचा रकाना ज्याचा त्याने भरायचा. रंभा तिथे प्रोग्रामच्या नावाऐवजी 'भूक लागली' लिहायची आणि पलीकडे तिचा नवरा धनराज डबा उघडायचा.

रंभा वारली. तिचे मशीन विकले, टेबलावर पोती आली.

आज भरदुपारी पडद्यावर पुन्हा उमटले: रंभा, खिडकीजवळचे टेबल.

"तोडा ते कनेक्शन, धनराजभाऊ," सोबतचा मिथुन म्हणाला.

"राहू दे ना बाप्पा," म्हणत धनराजने डबा उघडला आणि वाट पाहिली.

पोत्यांमागून कीबोर्डची टकटक आली. शेवटचा रकाना भरला:

'अहो, पंखा कमी करा ना. थंडी वाजून राह्यली.'